टाकीतले शेवाळ कशावर जगते?

मत्स्यटाकीची काच हिरवी दिसू लागली की बहुतेक घरांत एकच उपाय होतो. मासे बादलीत काढायचे, सगळे पाणी ओतून द्यायचे, खडी नळाखाली खळखळून धुवायची, फिल्टरचा स्पंज मूळ रंगावर येईपर्यंत पिळायचा, काच घासायची आणि नवे पाणी भरून मासे परत सोडायचे. काही घरांत दर महिन्याला दुकानातून माणूस येतो आणि हेच करून जातो. त्या संध्याकाळी टाकी लख्ख दिसते. पुढच्या दोन-चार दिवसांत पाणी दुधी होते, एखादा मासा तळाशी बसून राहतो आणि पंधरवड्यात काच पुन्हा हिरवी होते. मग दोष पाण्याला दिला जातो, नाहीतर माशांच्या जातीला. खरे कारण असे, की शेवाळ ज्या दोन गोष्टींवर जगते तो प्रकाश आणि ते अन्न दुसऱ्याच दिवसापासून पूर्वीइतकेच टाकीत येत राहते. आणि त्या अन्नात शेवाळाच्या आधी हात घालणारे जे जीव टाकीत होते, ते मात्र या धुलाईत मारले गेलेले असतात.

घरगुती मत्स्यटाकीचा इतिहास इथूनच सुरू होतो. लंडनमधले रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी काचेच्या भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पट्टीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती एकत्र ठेवली आणि पाणी न बदलता ते जगतात का, ते पाहिले. त्यांचे निष्कर्ष १८५० साली प्रसिद्ध झाले. वनस्पती प्राणवायू पुरवत होती, मासे ठीक होते. पण जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि बुळबुळीत थर धरू लागला. वॉरिंग्टन यांनी भांडे धुतले नाही. त्यांनी तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून आत सोडल्या. गोगलगाईंनी कुजकी पाने आणि बुळबुळ खाऊन टाकली, पाणी निवळले, आणि त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली. टाकीत काय जास्त झाले आहे आणि ते खाणारे कोण कमी आहे, हा त्यांचा प्रश्न आजही अचूक आहे. फरक इतकाच की त्यांच्या भांड्यात दोन मासे होते. आपल्या दोन फुटी टाकीत पंधरा असतात, आणि घरातले प्रत्येक माणूस येता-जाता चिमूटभर दाणे टाकते.

या चिमटीचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत खडी आणि वरची मोकळी जागा सोडून साधारण ५० लिटर पाणी मावते. माशांच्या कोरड्या खाद्यात सुमारे ४० टक्के प्रथिने असतात आणि प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन. म्हणजे एक ग्रॅम खाद्याबरोबर ६४ मिलिग्रॅम नायट्रोजन टाकीत पडतो. तो सगळा नायट्रेट झाला तर २८० मिलिग्रॅमच्या घरात जातो. ५० लिटरमध्ये लिटरमागे साडेपाच मिलिग्रॅम. रोज एक ग्रॅम म्हटले तर आठवड्याला चाळीसच्या आसपास. यातला काही भाग माशांच्या अंगी लागतो, काही वनस्पती घेतात. सावधपणे निम्माच पाण्यात उरतो असे धरू, म्हणजे आठवड्याला लिटरमागे २० मिलिग्रॅम. आता दर रविवारी पाव पाणी बदलले, तर काही महिन्यांत पाणी बदलण्याआधीची पातळी ८० वर जाऊन स्थिरावते. निम्मे पाणी बदलले, तर ४० वर. आणि पाव पाणीच बदलून खाद्य निम्मे केले, तरीही ४० वरच. बादल्या उचलण्याचे दुप्पट कष्ट आणि अर्धी चिमूट यांचा परिणाम सारखाच आहे. मासे थंड रक्ताचे, शरीर तापवण्यासाठी त्यांना ऊर्जा खर्चावी लागत नाही. मोठ्या माशांना दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतके खाद्य पुरते, आणि आठवड्यातला एक दिवस उपास त्यांना सहज झेपतो. काचेजवळ येऊन तोंड उघडमीट करणारा मासा भुकेलाच असतो असे नाही. माणूस आला की दाणे पडतात, एवढे तो शिकलेला असतो.

नायट्रोजनबरोबर खाद्यातून फॉस्फरसही येतो. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात २२६ क्रमांकाच्या तलावावर १९७३ साली केलेला प्रयोग या बाबतीत प्रसिद्ध आहे. तलाव मधोमध पडद्याने विभागला, एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू हिरवीगार झाली, दुसरी स्वच्छ राहिली. हा निष्कर्ष टाकीला लावून काही जण फॉस्फेट शोषणारी महागडी पुडी फिल्टरमध्ये ठेवतात. पण तलावातला फॉस्फरस मुळात अगदी थोडा असतो. टाकीत तो रोज खाद्यातून पडत राहतो, आणि शेवाळाची गरज इतकी कमी की ती पुडी तिथवर पोचत नाही. टाकीत आवरायला सोपी गोष्ट वेगळी आहे. तिच्याकडे येण्यापूर्वी त्या धुलाईत मेलेल्या जिवांविषयी.

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया बाहेर पडतो. तो विषारी असतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. सर्गेई विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास मातीतल्या अशा जिवाणूंचा छडा लावला. पुढची शंभरहून अधिक वर्षे हे दोन टप्पे दोन वेगवेगळे जिवाणू करतात असेच मानले गेले. २०१५ साली दोन्ही टप्पे एकट्याने पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, आणि त्यातला एक शोध मत्स्यपालनाच्या फिल्टरमधूनच लागला. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते स्पंजच्या छिद्रांत आणि खडीवर पातळ थर धरून राहतात, आणि त्यांची वाढ अतिशय संथ असते. क्लोरीनच्या नळाखाली स्पंज पिळला की महिन्याभरात बसलेली ही वस्ती काही मिनिटांत संपते. मग अमोनिया तसाच साठतो. शेवाळाला तो नायट्रेटपेक्षा सोयीचा, कारण नायट्रेट वापरण्याआधी पेशीला ऊर्जा खर्चून त्याचे रूपांतर करावे लागते. धुतलेली टाकी पंधरवड्यात हिरवी होते ती यामुळे. स्पंज धुवायचा तर टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा हलका दाबून. त्याचा तपकिरी रंग राहू द्यावा. लोडशेडिंगच्या गावांत आणखी एक काळजी घ्यावी लागते. बंद डब्याच्या फिल्टरमध्ये वीज गेल्यावर पाणी थांबते आणि काही तासांत आतला प्राणवायू संपून जिवाणू मरू लागतात. अशा ठिकाणी हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर बरा. वीज गेली तरी तो टाकीच्या पाण्यातच उघडा असतो, आणि बॅटरीवरचा छोटा पंप त्याला चालतो.

आता प्रकाश. माझ्या मते शेवाळाशी झगडणाऱ्या दहांतल्या आठ घरांचा प्रश्न केवळ दिव्याच्या वेळेने सुटेल. दिवाणखान्यातला टाकीचा दिवा सकाळी पूजेच्या वेळी लागतो आणि घर झोपल्यावर विझतो, म्हणजे चौदा-पंधरा तास. माशांना इतका उजेड नको असतो. टाकीतल्या वनस्पतींना सहा ते आठ तास पुरतात. शेवाळ मात्र मिळेल तेवढा प्रकाश घेते, त्याला दिवस लांबला तर हवाच असतो. उपाय म्हणजे एक साधा टायमर. दुपारी चार ते रात्री दहा असे सहा तास लावून ठेवावेत, म्हणजे घरचे लोक टाकीसमोर असतात तेव्हाच ती उजळलेली असते. माणसाच्या आठवणीवर हे काम सोडू नये. सुट्टीच्या दिवशी दिवा हमखास लांबतो.

दिव्याइतकेच लक्ष खिडकीकडे हवे. थेट ऊन पडणारी टाकी कोणत्याही औषधाने आवरत नाही, कारण दुपारच्या उन्हाची तीव्रता घरगुती दिव्याच्या कितीतरी पट असते. गोंधळ होतो तो ऋतूंमुळे. महाराष्ट्रात उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळपास डोक्यावर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत फारसे येत नाही. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, ऊन तिरपे होते आणि खोलीत खोलवर शिरते. पावसाळाभर शांत असलेली टाकी डिसेंबरात एकाएकी हिरवी पडली, तर सकाळी दहा ते तीनच्या दरम्यान एकदा तिच्यावर उन्हाचा पट्टा येतो का ते पाहावे. येत असेल तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून काळा कागद लावला तरी पुरते.

प्रकाश कमी केला, खाद्य आवरले. तरीही उरलेला नायट्रोजन कोणीतरी खायला हवा, आणि ते काम वनस्पतींचे. पण पाण्याखालच्या वनस्पतीची एक अडचण असते. कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट मंद गतीने पसरतो, त्यामुळे तिची उपासमार नायट्रोजनची नसते, कार्बनची असते. नवख्यांच्या टाकीत दुकानातली नाजूक लाल पानांची रोपे महिन्याभरात वितळून जातात, ती बहुधा याच कारणाने. पाने हवेत आणि मुळे पाण्यात असलेली वनस्पती या अडचणीतून सुटते. अमेरिकेच्या डायना वॉलस्टॅड यांनी १९९९ साली वनस्पतींच्या टाकीवर लिहिलेल्या पुस्तकात या फायद्यावर मोठा भर दिला आहे. आपल्याकडे त्यासाठी बाजारात जायचीही गरज नाही. घरोघरी असलेल्या मनीप्लांटच्या दोन-तीन लांब फांद्या घ्या, मुळांची माती पूर्ण धुवा आणि मुळे टाकीच्या मागच्या कडेने पाण्यात सोडा. पाने मात्र बाहेर. काही आठवड्यांत पांढऱ्या मुळांचा झुपका पसरतो आणि हवेतला कार्बन वापरून ही वेल पाण्यातला नायट्रोजन ओढू लागते. पाण्यावर तरंगणारे पिस्टिया हेच करते, शिवाय खाली सावली धरते. पाण्याखाली हवे असेल तर हॉर्नवर्ट किंवा हायड्रिला यांसारखी भराभर वाढणारी, कोणी कौतुक न करणारी रोपे घ्यावीत. वाढलेले छाटून टाकीबाहेर काढणे महत्त्वाचे. आत कुजले तर घेतलेले सगळे परत पाण्यात येते. छाटलेले कंपोस्टमध्ये टाकावे, नदीनाल्यात नाही.

ज्या पाण्याने बदल करायचा ते पाणीही एकदा तपासावे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे असे भारतीय मानक आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या अनेक विहिरी आणि बोअर ही मर्यादा ओलांडतात, कारण शेतातले खत आणि सांडपाणी झिरपून खाली जाते. अशा पाण्याने टाकी बदलली तर नायट्रेट कमी व्हायच्या ऐवजी वाढू शकते. तिथे मनीप्लांटवर जास्त भिस्त ठेवावी, आणि जमेल तर पावसाळ्यात स्वच्छ छतावरचे पाणी साठवावे. उन्हाळ्यात उडालेल्या पाण्याची फक्त भर घालत राहणे हीदेखील चूक आहे. वाफ होते ती निव्वळ पाण्याची, क्षार मागे साचत जातात.

इथवरच्या गोष्टी कुठल्याही शेवाळाला लागू आहेत. पण डोळ्यांसमोर कोणते आहे ते ओळखता आले तर बरीच धावपळ वाचते.

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर आणि पानांवर तपकिरी पावडरीसारखा थर येतो. बोटाने सहज पुसला जातो. हे डायटम, स्वतःभोवती सिलिकेची म्हणजे अक्षरशः काचेची पेटी बांधणारे एकपेशीय जीव. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या पेट्यांवरची नक्षी पाहिली की पुसायचे मन होत नाही. एच. पी. गांधी यांनी १९५० च्या दशकात कोल्हापूर आणि परिसरातल्या गोड्या पाण्यातल्या डायटमांचे बारकाईने वर्णन केले, आणि ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापून आले. पश्चिम भारतातल्या डायटमांचा अभ्यास आजही त्यांच्या कामापासून सुरू होतो. टाकीतले डायटम बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी पाणी उपसू नये.

पाणीच हिरवे होऊन पलीकडची भिंत दिसेनाशी झाली, तर ते तरंगणारे एकपेशीय शेवाळ असते. ते फिल्टरमधून आरपार जाते आणि पाणी बदलल्यावर तितक्याच वेगाने परत वाढते. टाकीला तीन दिवस जाड चादरीने पूर्ण झाकावे, खाद्य बंद ठेवावे आणि हवेचा पंप मात्र अखंड चालू ठेवावा. नंतर निम्मे पाणी बदलावे. माशांना या हिरव्या पाण्याचा दिवसा त्रास नसतो, उलट पिल्ले वाढवणारे ते मुद्दाम तयार करून त्यावर पिल्लांच्या खाद्यासाठी डाफ्निया हे इवले जलजीव वाढवतात.

निळसर-हिरवी, बुळबुळीत, चादरीसारखी सोलून निघणारी आणि मातकट वासाची वाढ मुळात शेवाळच नसते. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठू लागला तो यांच्याच पूर्वजांमुळे. यांतल्या काही जाती हवेतला नायट्रोजन थेट वापरतात. पी. के. डे यांनी १९३९ साली दाखवून दिले, की भाताच्या खाचरांना नैसर्गिक नायट्रोजन मिळतो त्यात यांचा मोठा वाटा आहे. शेतात जी देणगी, ती टाकीत उपद्रव ठरते: नायट्रेट शून्यावर आणले तरी ते वाढू शकतात. पाणी न हलणारा कोपरा आणि खडीत साचलेली घाण त्यांना मानवते. नळी लावून सगळी चादर ओढून काढावी, खडीतला गाळ उपसावा, फिल्टरचा झोत त्या कोपऱ्याकडे वळवावा आणि मग तीन-चार दिवस अंधार द्यावा. काही जण यासाठी प्रतिजैविकाच्या गोळ्या पाण्यात विरघळवतात. गोळ्या कामही करतात, पण घरातल्या सांडपाण्यात औषधाला सरावलेले जिवाणू तयार करण्याइतके हे दुखणे मोठे नाही.

लाकडाच्या कडांवर आणि फिल्टरच्या तोंडाशी काळ्या दाढीसारखे गुच्छ आले, तर ते लाल शेवाळाच्या कुळातले. ते सर्वांत चिवट, ओढूनही सुटत नाही. ज्या पानावर आहे ते पान कापावे. लाकूड किंवा दगड बाहेर काढून त्यावर औषधाच्या दुकानात मिळणारा ३ टक्क्यांचा हायड्रोजन पेरॉक्साइड सिरिंजने सोडावा, पाच मिनिटांनी धुऊन परत ठेवावा. गुच्छ आधी गुलाबी आणि मग पांढरे पडतात, आणि कोळंब्या ते खाऊन टाकतात. काचेवरचे कडक हिरवे ठिपके मात्र पात्याने खरवडावेत, त्याला दुसरा उपाय नाही.

दुकानदार इथे एक मासा सुचवतो. सकर मासा ‘टाकी साफ करतो’ या एका वाक्यावर वर्षानुवर्षे विकला जातो आहे. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, विकताना बोटाएवढा, आणि पुढे दीड फुटापर्यंत वाढणारा. थोडे शेवाळ खातो, आणि त्याहून अधिक विष्ठा टाकतो. टाकीत मावेनासा झाला की लोक त्याला नदीत किंवा तळ्यात सोडतात. आज तो पूर्व कोलकात्याच्या पाणथळीपासून आंध्र-तेलंगणाच्या जलाशयांपर्यंत पसरला आहे, त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात, आणि २०२० साली तो वाराणसीजवळ गंगेतही सापडला. हा मासा घेऊ नये, आणि घेतलाच असेल तर कुठल्याही पाण्यात सोडू नये. दुकानाला परत द्यावा. ‘अल्गी ईटर’ म्हणून मिळणारा सोनेरी मासाही मोठेपणी शेवाळ सोडून इतर माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडू लागतो.

काम करणारे जीव आहेत, पण लहान. जपानी टाकी-रचनाकार ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात एका पारदर्शक कोळंबीचा शेवाळ खाण्यासाठी वापर सुरू केला, आणि ती आता त्यांच्याच नावाने विकली जाते. धाग्यांसारख्या शेवाळावर तिच्याइतकी उपयोगी दुसरी कोणी नाही. नेराइट गोगलगाई काच खरवडतात, आणि त्यांची अंडी गोड्या पाण्यात फुटत नसल्याने त्यांची संख्या वाढत नाही. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला मल्या मासा तोंडाच्या चकतीने खडकाला चिकटून शेवाळ खातो. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचा अभ्यास करताना १८३९ साली त्याची शास्त्रात नोंद केली. पण त्याला वाहते, थंड, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. त्याला ओढ्यातच राहू द्यावे.

बाटलीतल्या निळ्या शेवाळनाशकांत बहुधा तांबे असते. तांबे शेवाळ मारते, तसेच गोगलगाई आणि कोळंब्याही मारते. एकाच दिवसात मेलेले शेवाळ कुजताना प्राणवायू ओढून घेते. २५ अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशांना ७.३. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात असे औषध संध्याकाळी टाकले, तर पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन हवा घेताना दिसतात. तेव्हा आधी हवेचा पंप पूर्ण सोडावा, मग निम्मे पाणी बदलावे.

दिवा आणि खाद्य बदलल्याचा परिणाम दिसायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर दर आठवड्याला पाव पाणी क्लोरीन काढून बदलावे, आणि समोरची काच घासावी. मागची काच घासू नये. वॉल्टर ॲडी या अमेरिकी शास्त्रज्ञाने स्मिथसोनियन संस्थेत पाणी शुद्ध करण्यासाठी शेवाळाचाच वापर केला: वेगळ्या तबकात, प्रखर प्रकाशात मुद्दाम शेवाळ वाढवायचे आणि ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचे, म्हणजे पाण्यातला नायट्रोजन आणि फॉस्फरस त्याच्याबरोबर बाहेर जातो. मागची काच लहान प्रमाणावर हेच करते. तिच्यावर गोगलगाई चरतात, पिल्ले सूक्ष्म जीव टिपतात. थर जाड झाला की जुन्या एटीएम कार्डाने खरवडून जाळीत गोळा करावा आणि कुंडीतल्या मातीत मिसळावा.